डॅक घेताना चिप सोडा, भोकं बघा

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर माझं ऑडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक बेंच, एक जुना ऑसिलोस्कोप, दोन मल्टिमीटर आणि लोकांनी ‘बघून ठेवा’ म्हणून सोडून दिलेले ॲम्प्लिफायर. पूर्वी इथे कॅसेट डेक यायचे, मग सीडी प्लेअर आले, मग होम थिएटर. हल्ली हेडफोनवाले येतात. त्यांच्याकडे दुरुस्तीचं काम फारसं नसतं. त्यांना सल्ला हवा असतो, आणि तो फुकट हवा असतो. प्रश्न ठरलेला: “काका, वीस हजारांत कुठला डॅक घेऊ? आणि चिप कुठली चांगली?”

यातला दुसरा प्रश्न सोडून द्या, असं मी सांगतो. पोरं नाराज होतात. चिपबद्दल त्यांनी रात्र रात्र जागून वाचलेलं असतं, ते सगळं या म्हाताऱ्याने एका वाक्यात निकालात काढलं म्हटल्यावर वाईट वाटणारच. पण मी आजवर इतके डॅक उघडले, त्यात चिप गेली म्हणून बदलावी लागली असं एकदाही झालेलं नाही. बदलले ते हेडफोनचे जॅक, यूएसबीची पोर्टं, आवाजाची बटणं आणि जळालेले अडॅप्टर. ऐकण्यातल्या तक्रारींचंही असंच आहे. खरखर, सुंसुं, एका कानात आवाज कमी, ‘जोर नाही’, या सगळ्यांची मुळं चिपच्या बाहेर निघतात.

डॅक नेमकं करतो काय, हे आधी बघू. फोनमधलं किंवा लॅपटॉपमधलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी असते. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून सीडीसाठी जे प्रमाण ठरवलं आणि १९८२ साली बाजारात आणलं, त्यात डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पातळ्यांपैकी एक पातळी सांगतो. हेडफोनला आकडे कळत नाहीत, त्याला कमी-जास्त होणारा विद्युतदाब लागतो. आकड्यांचा दाब करून देणारा भाग म्हणजे डिजिटल-टू-ॲनलॉग कन्व्हर्टर, अर्थात डॅक. तो तुमच्याकडे आत्ताही आहे. हेडफोनचा जॅक असलेल्या प्रत्येक फोनमध्ये तो असतो. ब्लूटूथच्या इअरबडमध्ये तर तो थेट कानातच बसलेला असतो. त्यामुळे तुमचे हेडफोन फक्त ब्लूटूथवर चालत असतील, तर पुढचा लेख वाचून पैसे खर्च करू नका. बाहेरच्या डॅकचा त्यांना काडीचा उपयोग नाही.

आकड्यांचा दाब करायची जुनी रीत वाण्याच्या वजनांसारखी होती. किलो, अर्धा किलो, पाव किलो, आतपाव, अशी निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारी सोळा वजनं समोर ठेवायची आणि आकडा येईल त्याप्रमाणे हवी ती पारड्यात टाकायची. डॅकमध्ये वजनांच्या जागी रेझिस्टरची शिडी असते. अडचण अशी, की सगळ्यात मोठं वजन सगळ्यात लहान वजनाच्या ३२,७६८ पट असतं, आणि त्या मोठ्या वजनात होणारी चूक त्या चिमुकल्या वजनापेक्षाही कमी असावी लागते. इतके काटेकोर भाग १९८२ साली स्वस्तात बनत नव्हते. फिलिप्सने सुरुवातीच्या प्लेअरमध्ये १४ बिटांचीच, म्हणजे चौदाच वजनांची, चिप लावली आणि ती चौपट वेगाने चालवून उरलेली कसर भरून काढली. सोनीने सीडीपी-१०१ या आपल्या पहिल्या प्लेअरमध्ये काटकसर केली ती वेगळीच: एकच डॅक, आळीपाळीने डाव्या आणि उजव्या बाजूला. त्यामुळे एक बाजू दुसरीपेक्षा ११ मायक्रोसेकंद मागे पडायची. कुणाच्या कानाला ते कधी खटकलं नाही, पण तेव्हा डॅक किती महाग होता याचा अंदाज यावा.

नंतर दुसरी रीत रूढ झाली. तिला डेल्टा-सिग्मा म्हणतात आणि तिची मांडणी टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६२ सालीच केली होती. हिच्यात पातळ्या मोजक्याच असतात, पण त्यांच्यात सेकंदाला लाखो वेळा अदलाबदल करायची, म्हणजे सरासरी बरोबर येते. या गडबडीत जो गोंगाट तयार होतो, तो कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर ढकलायचा आणि मग गाळून टाकायचा. काटेकोर रेझिस्टरच्या जागी इथे गणित काम करतं, आणि गणित सिलिकॉनवर छापायला स्वस्त पडतं. आज ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक या कंपन्यांच्या ज्या चिपांवरून पोरं माझ्या बेंचपाशी भांडतात, त्या सगळ्या याच कुळातल्या.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, “पण डिजिटल म्हणजे शेवटी पायऱ्या-पायऱ्यांचाच आवाज ना?” अशा वेळी मी ऑसिलोस्कोप चालू करतो. साध्या फोनमधून १ किलोहर्ट्झचा सूर वाजवतो आणि पडद्यावर दाखवतो. रेघ गुळगुळीत, पायरी औषधालाही नाही. शेवटची गाळणी पायऱ्या काढून टाकते आणि मूळ लाट जशीच्या तशी उरते. हे घडतं ते गणिताने, कुणा कंपनीच्या कृपेने नव्हे.

चिपचं नाव किती महत्त्वाचं, याची परीक्षा २०२० साली बाजारात आपोआप झाली. त्या ऑक्टोबरात जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली. एकेएमच्या चिपा मिळेनाशा झाल्या आणि डॅक बनवणाऱ्यांची पळापळ झाली. चीनच्या फीओ कंपनीचा के-५ प्रो हा तेव्हाचा मधल्या किमतीतला लोकप्रिय डॅक. तो आधी एकेएमची चिप घेऊन यायचा, नंतर ईएसएसची घेऊन यायला लागला. पेटी तीच, बटण तेच. एकेएमचा आवाज ‘मखमली’ आणि ईएसएसचा ‘कोरडा’, अशी त्या काळी ठाम समजूत होती. माझ्याकडे काही दिवस दोन्ही प्रकार एकत्र होते. ओळखून दाखवतो म्हणणाऱ्यांना मी बसवलं, दोन्हींचा आवाज मीटरने जुळवला आणि कुठला चालू आहे ते लपवलं. मखमल कुणाच्या हाताला लागली नाही. तरी जुन्या चिपवाल्या पेटीला लोक सेकंडहँड बाजारात जास्त पैसे मोजत होते.

आवाज जुळवणं ही गोष्ट मी फार मनावर घेतो. आपला कान किंचित मोठ्या आवाजाला ‘जास्त चांगला’ समजतो. मोठा म्हणून नाही ओळखत, चांगला म्हणून ओळखतो, गंमत ती आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं, की आवाज कमी केला की कानाला खर्जाकडचा भाग जास्त प्रमाणात कमी ऐकू येतो. त्यामुळे ज्या डॅकचा आवाज अर्धा डेसिबल वर, त्याचा तबल्याचा डग्गा भरदार. दुकानात दोन डॅक ऐकवताना महागड्याचं बटण चिमूटभर पुढे असलं, की तो विकला जातो. कुणी मुद्दाम करतं असं नाही, आणि कुणीच मुद्दाम करत नाही असंही नाही. घरी जुळवायचं असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. ४०० हर्ट्झचा सूर वाजवा, हेडफोन लावलेला असतानाच आउटपुटवरचा एसी दाब मोजा, आणि दोन्हीकडे तो एक टक्क्याच्या आत आणा. एवढ्याने फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो.

सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या, ज्याला ‘हाय-रेझ’ म्हणतात त्या फायलींवरही असे डोळ्यांआडचे प्रयोग झाले आहेत. २००७ साली मेयर आणि मोरान यांचा प्रयोग ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हाय-रेझ आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवला, तर ऐकणाऱ्यांना ते ओळखता येईना. उत्तरं नाणं उडवून द्यावीत तशी निम्मी-निम्मी. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी असे अनेक प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. निव्वळ योगायोगापेक्षा जास्त, हे खरंच. पण तेवढ्यासाठी पेटीवरच्या ‘७६८ किलोहर्ट्झ’ या आकड्याला दोन हजार जास्त द्यावेत, असं मला वाटत नाही. पेटीवरच्या चिन्हांचंही असंच. काही वर्षांपूर्वी डॅकवर एमक्यूए या हाय-रेझ फायलींच्या प्रकाराचं चिन्ह नसलं तर पोरं तो हातात घेत नसत. २०२३ मध्ये एमक्यूए ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये टायडल या संगीतसेवेनेही एमक्यूए काढून टाकलं. चिन्हं पेट्यांवर तशीच राहिली.

मग मापनाच्या आकड्यांना काही अर्थच नाही का? आहे, पण एका मर्यादेपर्यंत. गाण्याच्या मानाने गोंगाट आणि विकृती किती खाली आहे हे सांगणारा आकडा, सिनॅड, १०० डेसिबल असला की नको असलेला भाग एक हजारांश टक्का उरतो. आज दहा ते पंचवीस हजारांतले बहुतेक नावाजलेले डॅक याच्या पुढे गेलेले आहेत. याच्या उलट, खुद्द हेडफोनचा पडदा खर्जात सर्रास ०.१ टक्का आणि त्याहून जास्त विकृती करतो. म्हणजे शंभर आणि एकशे पंधरा यांतला फरक मीटरला दिसतो, हेडफोनमधून बाहेर येईपर्यंत तो पुसलेला असतो.

शिवाय आपण ऐकतो काय, तेही बघा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरच्या नाट्यगीतात सुईची खसखस गाण्याच्या खाली जेमतेम चाळीसेक डेसिबलवर असते. चांगल्या एलपीवर साठ-सत्तर. सीडीचं गणित ९६ पर्यंत जातं. १२० डेसिबलचा डॅक त्या तबकडीचं काहीही भलं करू शकत नाही, तो खसखस मात्र अगदी निष्ठेने पोचवतो. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मधला संतूर किंवा कुठल्याही अलीकडच्या मैफलीतला तानपुरा मात्र चांगली कसोटी आहे. तार छेडल्यावर तिचे वरचे स्वर विरत विरत शांततेत जातात, आणि त्या शेवटच्या टोकाला तुमच्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट असेल तर तो उघडा पडतो.

आता मुद्द्याचं. डॅक निवडताना पहिल्यांदा हेडफोन काढून टेबलावर ठेवावा. बाजारात ज्याला आपण डॅक म्हणतो त्या पेटीत खरं तर दोन यंत्रं असतात: एक डॅक आणि त्याच्या पुढे हेडफोनला ढकलणारा ॲम्प्लिफायर. पैसे वसूल होतात ते दुसऱ्यात. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे सेनहायझरचा एचडी ६०० आहे. रोध ३०० ओहम, आणि एक मिलिवॅटला साधारण ९७ डेसिबल आवाज. गाण्यातले सगळ्यात मोठे क्षण ११० डेसिबलपर्यंत जावेत असं धरलं, तर त्याला २० मिलिवॅट लागतात. म्हणजे जवळजवळ अडीच व्होल्ट, पण प्रवाह फक्त आठ मिलिअँपिअर. दुसऱ्याकडे हायफायमनचा सुंदरा आहे: ३७ ओहम, ९४ डेसिबल. त्याच आवाजासाठी त्याला सव्वा व्होल्ट पुरतो, प्रवाह मात्र तेहतीस मिलिअँपिअर लागतो. एकाला दाब हवा, दुसऱ्याला प्रवाह. जाहिरातीत ‘दोन वॅट’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ३२ ओहमवर आणि बॅलन्स्ड जॅकवर मोजलेलं असतं. तुमच्या ३०० ओहमच्या हेडफोनला साध्या जॅकवर किती मिळेल, ते माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत शोधावं लागतं. तिथे ते नसेल, तर मी ती पेटी घेत नाही.

आणि किमान किती पुरतं? ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढून टाकला, तेव्हापासून ते एक बोटभर लांबीची वायर विकतात. तिची यूएसबी-सीची आवृत्ती हजार रुपयांच्या आसपास मिळते. त्या वायरीच्या टोकात एक पूर्ण डॅक आणि ॲम्प्लिफायर आहे, आणि तो मापनात नावाजण्यासारखा आहे. साधारण एक व्होल्ट देतो. ऑडिओ-टेक्निकाचा एम-५० एक्स यासारख्या सोप्या हेडफोनला एक व्होल्ट म्हणजे कान फुटेपर्यंत आवाज. एचडी ६०० वर तोच एक व्होल्ट १०२ डेसिबलच्या शिखरापर्यंत जातो. नव्या, जोरात भरलेल्या ध्वनिमुद्रणांना ते चालून जातं, पण जुन्या हळू आवाजातल्या मैफलीला बटण टोकाला जाऊनही मन भरत नाही. काही अँड्रॉइड फोनांवर ही वायर अर्ध्याच जोराने चालते, हे मात्र घेण्याआधी तपासून घ्यावं.

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो. त्याच्याकडे एम-५० एक्सच आहे. “मामा, ऑफिसच्या लॅपटॉपला हेडफोन लावला की माउस हलवताना कुरकुर ऐकू येते,” अशी त्याची तक्रार. ही तक्रार अगदी खरी आहे, आणि बाहेरचा डॅक घ्यायचं सगळ्यात सबळ कारण तेच. लॅपटॉपच्या आत प्रोसेसर, पंखा, पडदा यांच्या शेजारीच ऑडिओची नाजूक सर्किटं बसवलेली असतात, आणि त्यांची कुरकुर जॅकमध्ये झिरपते. डॅक बाहेर काढला की ती थांबते. मी त्याला म्हटलं, हजाराची वायर घे, काम होईल. वर तिच्यात हेडफोनच्या माइकची सोय आहे. टेबलावरच्या बहुतेक डॅकमध्ये ती नसते, आणि तुझा अर्धा दिवस मिटिंगमध्ये जातो. त्याने वायर घेतली, कुरकुर थांबली, आणि महिन्याभरात त्याने फीओचा के-७ सुद्धा घेतला. कारण विचारलं तर म्हणाला, “टेबलावर मोठं गोल बटण असलं की बरं वाटतं.” मला हे कारण पटलं. चिपच्या नावासाठी पैसे घालण्यापेक्षा शंभर पटींनी प्रामाणिक आहे.

बटणावरून आठवलं. आवाजाचं बटण दोन प्रकारचं असतं. एक, ज्याच्यातून खुद्द संगीताचा विद्युतदाब जातो, ते पोटेन्शिओमीटरचं, ज्याला बेंचवर आम्ही ‘पॉट’ म्हणतो. दुसरं, जे फक्त ‘वाढव, कमी कर’ असा निरोप आत देतं. पॉट अगदी सुरुवातीच्या भागात डाव्या-उजव्या बाजूला सारखं धरत नाही. त्यामुळे कानात घालायचे संवेदनशील इअरफोन असतील, तर आठ वाजण्याच्या जागेवर बटण आणि गाणारी बाई डावीकडे सरकलेली, असं होतं. यावर उपाय म्हणजे लो-गेनची सोय, म्हणजे बटण थोडं वर नेऊन ऐकता येतं. निरोपवाल्या बटणात ही भानगड नसते. पॉटमध्ये पुढे धूळही जाते आणि फिरवताना खर्र होतं. ते साफ करता येतं, माझी रोजीरोटी काही अंशी त्यावर चालते.

बॅलन्स्ड जॅक, तो ४.४ मिलिमीटरचा जाड जॅक, याबद्दलही फार विचारणा असते. त्याने दाब दुप्पट मिळू शकतो, म्हणजे शक्ती चौपटीपर्यंत. तुमच्या हेडफोनला तेवढ्याची गरज असेल, आणि त्याची केबल बदलता येत असेल, तर जरूर घ्या. एम-५० एक्सवाल्याने त्याच्या नादी लागू नये. आउटपुटच्या रोधाचंही तसंच. तो एक-दोन ओहमच्या आत असावा, आणि आजच्या बऱ्या डॅकमध्ये तो असतोच. जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचा हेडफोन जॅक मात्र जपून वापरावा. त्यात स्पीकरच्या आउटपुटवरून काहीशे ओहमचे रेझिस्टर घालून काम भागवलेलं असतं. एचडी ६०० चा रोध खर्जात वाढतो, त्यामुळे अशा जॅकवर त्याचा खर्ज फुगतो. काहींना तो आवडतो. आवडला तर आवडला.

आवडीवरून शिडीवाल्या डॅकचं सांगतो. रेझिस्टरची जुनी शिडी हल्ली पुन्हा फॅशनमध्ये आली आहे. फीओचाच के-११ साध्या चिपसह मिळतो आणि शिडीसहही मिळतो. शिडीवाला मापनात मागे पडतो, विकृती जास्त. ज्यांना तो आवडतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही. फक्त तो ‘जास्त खरा’ आहे असं म्हणू नका.

गाणं शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. एचडी ६०० त्यांचाच, परदेशातल्या मुलाने पाठवलेला. म्हणाल्या, “अहो भाऊ, तानपुरा नीट ऐकू यावा, आणि मला त्या मेनूबिनूत जायला लावू नका.” त्यांचं ऐकणं जुन्या लॅपटॉपवर, रात्री. त्यांना मी आयफायचा झेन डॅक सुचवला. त्यात बर-ब्राउनची चिप आहे, पण सुचवण्याचं कारण ते नव्हे. पडदा नाही, रिमोट नाही, वेगळा अडॅप्टर नाही, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो. मधोमध एक मोठं बटण, आणि ३०० ओहमला लागणारा दाब व्यवस्थित देतो. एक गोष्ट मात्र त्यांना आधीच सांगून टाकली: एचडी ६०० चे पेले जाळीचे, उघडे असतात, आवाज बाहेर झिरपतो. यजमान शेजारी झोपलेले असतील तर तानपुरा त्यांनाही ऐकू जाणार. त्यावर त्या म्हणाल्या, “जाऊ दे की. चाळीस वर्षं त्यांचं घोरणं मी ऐकलंय.”

लॅपटॉपवर विंडोज असेल तर २०१७ नंतरच्या विंडोज १० ला असे डॅक वेगळं सॉफ्टवेअर न टाकता कळतात. लॅपटॉपमधला आवाज पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त डॅकच्या बटणाने करावं. ॲपल म्युझिकमध्ये २०२१ पासून जादा पैसे न देता लॉसलेस दर्जा मिळतो, पण तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. कितीतरी जण वीस हजारांचा डॅक लावून ते सेटिंग न बघताच ऐकत असतात.

आता बेंचवरच्या दोन गोष्टी, ज्या कुठल्याच परीक्षणात वाचायला मिळत नाहीत. पहिली जॅकची. मोठा, ६.३५ मिलिमीटरचा जॅक पुढच्या पट्टीला नटाने आवळलेला असेल, तर वायरला हिसका बसला तरी ताण पट्टी घेते. नट नसेल तर तो ताण थेट सोल्डरच्या टाक्यांवर येतो आणि वर्षा-दोन वर्षांत एक कान गप्प होतो. मागचं यूएसबीचं भोकही असंच हाताने हलवून बघावं, डगमगता कामा नये. दुसरी गोष्ट अडॅप्टरची. काही डॅकना १२ व्होल्ट डीसी लागतात, काहींना १५, काहींना तर डीसी नव्हे, एसी लागतो. पिन सगळ्यांची सारखीच दिसते. राउटरचा अडॅप्टर डॅकला लावून मग माझ्याकडे येणारे लोक ‘आपोआपच बंद पडला’ असं सांगतात. अडॅप्टरवर पहिल्याच दिवशी स्केचपेनने डॅकचं नाव लिहा.

यूएसबीच्या महागड्या केबलीबद्दल मला काही विचारू नका. प्रिंटरची चालते.

घूंऽऽ असा आवाज आला तर घाबरू नका, तो वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा असतो. फक्त हेडफोन ऐकणाऱ्याला तो सहसा छळत नाही. डॅकच्या मागून वायरी काढून स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जोडल्या, आणि लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जरही लावलेला असला, की अर्थिंगचं वेटोळं पूर्ण होतं आणि घूंऽऽ सुरू. चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर डॅकचा दोष नाही, परत करायला जाऊ नका.

डॅक घ्यायचा तो मात्र परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, आणि मुदत संपण्याआधी एखाद्या रात्री हे करून बघा. तुमच्याकडचे सगळ्यात संवेदनशील इअरफोन डॅकला लावा, काहीही वाजवू नका, आणि बटण हळूहळू वर न्या. नेहमी ऐकता त्या जागेपर्यंत सुंसुं ऐकू येता कामा नये. टोकाला थोडी आली तर चालेल. मग माउस हलवा, लॅपटॉपवर मोठी फाइल कॉपी करायला लावा, फोन शेजारी ठेवून कुणाला तरी कॉल करायला सांगा. कुरकुर येते का बघा. इअरफोन काढून बटण आधी शून्यावर आणा, तेवढं विसरू नका. मग ते पुन्हा कानात घालून एकाच माणसाचा आवाज असलेलं काहीतरी अगदी हळू लावा. बातम्या चालतील. निवेदिका मधोमध बसली आहे का, की एका कानाकडे कलली आहे? जॅक लावलेला असताना तो बोटांनी फिरवून बघा, आवाज तुटतो का. तासभर चालू ठेवून पेटीला हात लावा. कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर नाही. यातल्या कशातही नापास झाला, तर आत कितीही नामवंत चिप असू दे, बिलासकट परत करा.